पेपरातल्या छोट्या चौकटीतला माणूस: बेघर माणूस गेला की पुढं काय होतं, आणि त्याची आठवण ठेवायची म्हणजे काय करायचं

पेपरात आतल्या पानावर एक छोटी चौकट असते, आठवून बघा. अनोळखी इसमाचा मृतदेह सापडला, वय अंदाजे ५० ते ५५, उंची साडेपाच फूट, अंगात निळा फुल शर्ट, डाव्या भुवईवर जुना व्रण, ओळख पटल्यास अमुक पोलीस स्थानकाशी संपर्क साधावा. आपण वाचली न वाचली करतो आणि पान उलटतो, मी पण वर्षानुवर्षं तेच केलं. गेल्या पावसाळ्यानंतर दुकानातली रद्दी बांधताना एक जुना पेपर हातात आला, भुवईवरचा व्रण वाचला आणि मी तिथंच खाली बसलो, कारण तो आमचा मामा होता.

मामा म्हणजे कोणाचा सख्खा मामा नव्हे. गोव्यात, मडगावच्या बाजारात आठ-नऊ वर्षं होता, बंद दुकानाच्या पायरीवर झोपायचा, सकाळी आमच्या सगळ्यांच्या दारासमोर झाडू मारायचा, बदल्यात चहा, पाव-भाजी, कधी दहा-वीस रुपये. सगळा बाजार त्याला मामाच म्हणायचा. पावसात दिसेनासा झाला तेव्हा प्रत्येकानं आपापली समजूत घातली की गावाला गेला असेल, कुठलं गाव ते कोणालाच धड ठाऊक नव्हतं तरी. चौकट छापून आली तेव्हा तो शवागारात होता आणि आम्ही सगळे, त्याला रोज बघणारी पंचवीस-तीस माणसं, तिथून फार तर काही किलोमीटरवर दुकानं उघडून बसलो होतो.

त्यानंतर बाजारात सगळे एकमेकांना विचारत होते, आता त्याचं काय झालं असेल, कोणी जाळलं, पैसे कोणी भरले, आत्ता जाऊन काही उपयोग आहे का. कोणालाच नीट माहीत नव्हतं. मग मी वाचत गेलो, एका ओळखीच्या वकिलाला आणि एका निवृत्त हवालदाराला विचारत गेलो, जे कळलं ते इथं सोप्या भाषेत लिहितोय.

बेघर, बेवारशी, अनोळखी: तीन वेगळ्या गोष्टी

आपण हे तीन शब्द एकाच अर्थानं वापरतो आणि तिथंच गोंधळ सुरू होतो. पोस्टमनच्या पिशवीतली पत्रं डोळ्यासमोर आणा. एका पत्रावर पत्ताच नाही, ते अनोळखी. दुसऱ्यावर पत्ता व्यवस्थित आहे पण त्या दारात घ्यायला कोणी येत नाही, ते बेवारशी. आणि बेघर म्हणजे ज्याला रात्री झोपायला स्वतःचं छप्पर नाही तो जिवंत माणूस, त्याचा पत्राच्या या दोन्ही अवस्थांशी थेट संबंध नाही.

म्हणजे बेघर माणसाला नाव असू शकतं, गाव असू शकतं, बायको-पोरं असू शकतात, खिशात रेशन कार्डाची झेरॉक्स पण असू शकते. आणि उलट, फ्लॅटमध्ये एकटाच राहणारा, पेन्शन घेणारा माणूस मेल्यावर बेवारशी ठरू शकतो. मामा बेघर होता. अनोळखी तो मेल्यावर झाला, आणि ते सुद्धा फक्त कागदावर, कारण बाजारात तर त्याला सगळे ओळखत होते. हा फरक मला खूप उशिरा कळला आणि माझ्या मते अख्ख्या विषयाची गाठ इथंच आहे. बेवारस हा शब्दच मुळात वारसाचा, म्हणजे मालमत्तेच्या हिशोबाचा आहे. त्या माणसाला आठवणारं कोणी होतं का, हा प्रश्न त्या शब्दात येतच नाही.

माणूस रस्त्यावर गेला की पुढं काय होतं

समजा सकाळी बस स्टँडवर एक माणूस उठवून उठत नाही. कोणीतरी १०८ ला नाहीतर पोलिसांना फोन करतं. डॉक्टर मृत घोषित करतात. मृत्यू कशानं आला ते उघड नसेल तर पोलीस स्थानकात अकस्मात मृत्यूची नोंद होते. हा गुन्हा नव्हे, फक्त नोंद, की इथं एक माणूस मेला आणि कारण शोधायचंय.

मग पंचनामा. शब्द आपण रोज ऐकतो, अर्थ एवढाच की मृतदेह कुठं, कसा, कुठल्या कपड्यात, अंगावर काय खुणा, हे साक्षीदारांसमोर लिहून काढायचं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी तपासाच्या जुन्या कायद्याच्या, म्हणजे सीआरपीसीच्या, जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम १९४ मध्ये हे सगळं दिलंय, आणि त्यात एक गोष्ट आहे जी वाचून मी थबकलो. पोलिसांनी ही चौकशी करायची ती त्या परिसरातल्या दोन किंवा जास्त प्रतिष्ठित रहिवाशांच्या समोर. म्हणजे कायद्यानंच शेजाऱ्यांना बोलावून ठेवलंय. हा माणूस इथं मेला ना, मग इथली माणसं उभी राहू देत, असं कायदा म्हणतो, आणि प्रत्यक्षात पंच म्हणून सही करायची म्हटली की आपण दुकानात फार गर्दी आहे म्हणून सांगतो. कोर्टात खेटे घालावे लागतील ही भीती खरी असते, मी तिला नावं ठेवत नाही. पण ज्याला त्या माणसाबद्दल सगळ्यात जास्त माहीत असतं तोच मागं सरतो, आणि सही करतो तो रस्त्यानं जाणारा कोणीतरी, ज्यानं त्याला आयुष्यात कधी बघितलेलं नसतं.

पुढं मृतदेह शवागारात जातो, आपल्याकडे बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा दक्षिणेत जिल्हा इस्पितळात. शवचिकित्सा होते. फोटो काढतात, कपडे आणि खिशातल्या वस्तू ठेवून घेतात, गरज पडली तर डीएनएसाठी नमुना. वर्णन बाकीच्या पोलीस स्थानकांना जातं, बेपत्ता माणसांच्या तक्रारींशी ताडून बघतात, पेपरात ती चौकट येते. ठराविक दिवस वाट बघतात. शवागारातली जागा मोजकीच असते त्यामुळं कायम ठेवता येत नाही. कोणी आलं नाही तर परवानग्या घेऊन अंत्यसंस्कार उरकतात, खर्च साधारणपणे पालिका किंवा पंचायत उचलते. काही राज्यांत असे मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयाला शिकवण्यासाठी द्यायची तरतूद आहे, १९४९ चा बॉम्बे ॲनाटॉमी ॲक्ट त्यातलाच.

आणि मृत्यूची नोंद? ती पण व्हावीच लागते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात स्पष्ट लिहिलंय की सार्वजनिक जागी मृतदेह सापडला तर कळवायची जबाबदारी गावात गावप्रमुखावर आणि इतर ठिकाणी पोलीस स्थानकाच्या प्रमुखावर. म्हणजे कोणीच नसलं तरी सरकारी वहीत एक ओळ पडते. नावाच्या जागी अनोळखी पुरुष, एवढंच.

"आधार आहे ना, अंगठा लावून बघायचा की"

हा प्रश्न मला किमान दहा जणांनी विचारला. बरोबरच आहे, सिमकार्डाला अंगठा, रेशनला अंगठा, मग मेलेल्या माणसाचा अंगठा लावला की नाव येईल.

पण तसं होत नाही. रेशन दुकानात आपण आधी आधार नंबर देतो आणि मग अंगठा, म्हणजे मशीन फक्त एवढंच बघतं की हा अंगठा त्या एका नंबरशी जुळतो का. कुलूप समोर ठेवलेलं आहे, हातातली किल्ली लागते का बघायची. अनोळखी मृतदेहाच्या बाबतीत हातात नुसती किल्ली असते आणि कुलूप देशातल्या शंभर कोटींहून जास्त कुलपांतलं कुठलं ते शोधायचं असतं. तसं शोधणं जमत नाही आणि कायद्यात बसतही नाही असं आधार प्राधिकरणानं २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टात सांगितलं होतं. त्यामागं कारणही आहे, आज मृतदेहासाठी ते दार उघडलं तर उद्या जिवंत माणसाला रस्त्यात गाठून अंगठा घेऊन तो कोण ते शोधायचं दार पण उघडतं. शिवाय शेतावर, बांधकामावर घासलेल्या हातांचे ठसे जिवंतपणीच नीट येत नाहीत, रेशनच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांचे हाल बघितले असतील तुम्ही.

म्हणून शेवटी उपयोगी पडतं काय, तर माणसांना आठवणारी माहिती. तो कुठल्या भाषेत बोलायचा, कुठली गोळी घ्यायचा, पगडी होती का गळ्यात क्रॉस होता, सणाला कुठं जायचा. पोलिसाला एक बारीकसा धागा मिळाला, नुसतं तालुक्याचं नाव कळलं तरी तिथल्या पोलीस स्थानकात फोन करून बेपत्ता माणसांची यादी बघता येते. आठवण हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यासमोर हार आणि मेणबत्ती येते, इथं आठवण म्हणजे आधी माहिती आहे.

तिकडं घरात कोणीतरी वाट बघत असतं

आपल्याला वाटतं याला कोणी नव्हतं म्हणून तर रस्त्यावर होता. कधी कधी तसं असतंही. पण रस्त्यावर फिरणाऱ्या कित्येक जणांना मानसिक आजार असतो, घर सोडून चालत, रेल्वेत बसून हजार-हजार किलोमीटर आलेले असतात आणि मागं घरचे शोधत असतात. कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा ही संस्था अशा माणसांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते, त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार याच कामासाठी मिळाला. बरं वाटल्यावर माणूस स्वतःच गावाचं नाव सांगतो आणि पोचल्यावर अख्खं गाव गोळा होतं, कारण बऱ्याच घरांत आशा सोडलेली असते.

आता हाच माणूस वाटेत मेला तर बघा काय होतं. घरच्यांना कळतच नाही. आपल्या कायद्यात सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं धरता येतं, त्याआधी नाही. म्हणजे तोपर्यंत बायकोला विधवा पेन्शनचा अर्ज करता येत नाही, जमिनीवर नाव चढवता येत नाही, कुंकू पुसायचं का ठेवायचं हे पण ठरवता येत नाही. आईबापांना श्राद्ध घालता येत नाही. गोव्यातल्या एका फायलीत अनोळखी पुरुष म्हणून एक ओळ असते आणि त्याच माणसाची बेपत्ता म्हणून दुसऱ्या राज्यातल्या कुठल्यातरी पोलीस स्थानकात दुसरी ओळ असते, दोन्ही ओळी एकमेकींना कधीच भेटत नाहीत.

अयोध्येचे मोहम्मद शरीफ, ज्यांना लोक शरीफ चाचा म्हणतात, त्यांची गोष्ट हीच. १९९२ मध्ये त्यांचा तरुण मुलगा बाहेरगावी मारला गेला आणि बेवारशी म्हणून त्याचा निकाल लागून गेला, बापाला कळलं नंतर. सायकल दुरुस्त करणारा हा माणूस मग कुठलाही बेवारशी मृतदेह असो, हिंदू असो मुसलमान असो, स्वतः जाऊन अंत्यसंस्कार करायला लागला, ते हजारोंच्या संख्येनं केले. २०२० च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव होतं. माझ्या मुलासारखं दुसऱ्या कोणाच्या मुलाचं होऊ नये, एवढंच त्यांच्या कामामागं होतं.

कायदा मेलेल्या माणसाचा काही मान ठेवतो का

ठेवतो. आपल्या राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये सन्मानानं जगायचा हक्क आहे, आणि परमानंद कटारा यांच्या याचिकेवर १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की हा सन्मान मेल्यावर त्याच्या देहालाही लागू आहे. मग २००२ मध्ये आश्रय अधिकार अभियान या संस्थेमुळं दिल्लीतल्या बेघर लोकांचा प्रश्न थेट कोर्टासमोर आला, आणि बेघर माणसालाही त्याच्या धर्माच्या रीतीनं नीट अंत्यसंस्कार मिळायला हवेत हा हक्क मान्य झाला. मृतदेहाची विटंबना हा गुन्हा आहे, नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०१.

म्हणजे देहाची सोय कायद्यानं लावलीय. पण आठवण काढा असं कुठलंही कलम कोणाला सांगू शकत नाही, ते आपल्याकडं उरतं.

आपल्याकडं याची रीत होती की

मला सगळ्यात जास्त याचंच आश्चर्य वाटलं. आपण पितृपक्षात म्हाळ घालतो तेव्हा आई-वडील, आजोबा-पणजोबा, मामा-मावशी असे सगळे पिंड झाल्यावर भटजी अजून एक पिंड ठेवायला लावतात, धर्मपिंड. तो ज्यांचं कोणी नाही, ज्यांचं नाव-गोत्र माहीत नाही त्यांच्यासाठी. तर्पणातही ये अबान्धवा बान्धवा वा असं म्हणत पाणी सोडतात, म्हणजे जे माझे नातलग आहेत, जे नाहीत, जे दुसऱ्या कुठल्या जन्मात होते, ते सगळे या पाण्यानं तृप्त होवोत. मी चाळीस वर्षं हे ऐकत आलो. हात पुढं करून पाणी सोडत आलो आणि डोक्यात मात्र जेवणाला किती पानं होणार याचा हिशोब.

आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरांत २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस पाळतात, कबरी साफ करतात, फुलं ठेवतात, आणि ज्या आत्म्यांसाठी प्रार्थना करणारं कोणी नाही त्यांच्यासाठी पण प्रार्थना होते. मृतांना मूठमाती देणं हे त्यांच्याकडच्या दयेच्या सात कामांतलं एक. १४९८ ला लिस्बनला सुरू झालेली मिझेरिकॉर्दिया ही धर्मादाय संस्था सोळाव्या शतकात गोव्यात आली ती हीच कामं घेऊन.

आणि भिकाऱ्यांचें जेवण तर गोव्याबाहेरच्या लोकांना सांगितलं तर पटत नाही. ख्रिस्ती घरात लग्नाआधी गरीब माणसांना बोलावून, पंगतीत बसवून, मानानं जेवू घालतात, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं. ते जेवले की आपले पूर्वज जेवले असं मानतात. नीट विचार केला तर आपण आपले मेलेले त्या लोकांच्या तोंडून जेववतो. त्या पंगतीत जेवून गेलेला माणूस उद्या मेला तर त्याच्या नावानं कोण कोणाला जेवू घालणार, हा प्रश्न मला तरी आधी कधी पडला नव्हता.

बाहेर लोक काय करतात

अमेरिकेत २१ डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लांब रात्री, त्या वर्षी गेलेल्या बेघर लोकांची नावं गावोगाव वाचतात, १९९० पासून. ज्यानं रात्र उघड्यावर काढलीय त्याला लांब रात्र म्हणजे काय ते कळतं, म्हणून तो दिवस निवडला. कॅनडात टोरोंटोला एका चर्चच्या दारात दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी लोक जमतात आणि यादीत नवी नावं घालतात. नाव माहीत नसलं तरी जागा सोडत नाहीत, जॉन डो किंवा जेन डो लिहितात, आपल्याकडं अमुक-तमुक म्हणतात तसं. ॲमस्टरडॅममध्ये ज्याच्या अंत्यविधीला कोणीच येणार नाही त्याच्यासाठी एक कवी जातो, त्या माणसाबद्दल जे थोडंफार कळलं असेल त्यावर कविता लिहून तिथं वाचतो, २००२ पासून.

पण मला त्यातलं भावनेपेक्षा दुसरंच महत्त्वाचं वाटलं. टोरोंटोत ही यादी लोकांनी वर्षानुवर्षं ठेवली आणि २०१७ पासून शहराचा आरोग्य विभाग स्वतः हे मृत्यू मोजायला लागला. ब्रिटनमध्ये पत्रकारांनी एकेक नाव गोळा करायला सुरुवात केली, आणि २०१८ च्या शेवटी सरकारी आकडेवारी खात्याला पहिल्यांदा बेघर लोकांच्या मृत्यूचे आकडे काढावे लागले. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१८ या एका वर्षात अंदाजे ७२६. मरतानाचं सरासरी वय पुरुषांचं ४५, बायकांचं ४३, तिथल्या बाकी लोकांचं ७६ आणि ८१. म्हणजे तीस-चाळीस वर्षांचं आयुष्य कमी. हे कळल्यावर मग निवारे, दवाखाने, व्यसनावरचे उपचार यांची चर्चा आकडे समोर ठेवून करता येते. नुसत्या नावांच्या यादीतून हे निघालं.

"पण तो भायलोच ना"

बाजारातच हे ऐकलं, स्पष्ट लिहितो. गोव्यात हा शब्द रोजचा आहे, बाहेरून आलेला, आपला नव्हे. आपले घाबरलेपण मी समजू शकतो, जमिनी जातायत, गावं बदलतायत. पण आपली माणसं पण कुठंतरी भायलीच होती. मुंबईत धोबीतलावला गावागावाच्या नावानं कूड, म्हणजे गाववाल्यांनी मिळून राहायच्या जागा, उभ्या राहिल्या त्या कशासाठी, बोटीवर जाणारा नाहीतर नोकरी शोधणारा गोंयकार परक्या शहरात एकटा पडू नये, आजारी पडला तर शेजारी गावचं कोणीतरी असावं म्हणून. आफ्रिकेत गेले, गल्फमध्ये गेले, सगळे परत आले नाहीत. त्यांना तिथं कोणी खांदा दिला असेल तर ते तिथलेच लोक असणार.

आणि मामाबद्दल म्हणाल तर आठ-नऊ वर्षं त्यानं या बाजाराची जमीन झाडली.

"जिवंतपणी काही केलं नाही, आता कशाला"

हे मात्र लागतं, आणि खरं आहे. सुप्रीम कोर्टातल्या निवाऱ्याच्या खटल्यानंतर शहरात दर एक लाख लोकसंख्येमागं एक कायमचा निवारा असावा असा निकष ठरलाय. मानसिक आजार असलेला माणूस रस्त्यावर फिरताना दिसला तर त्याला सुरक्षित ठिकाणी, इस्पितळात पोचवायची जबाबदारी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पोलिसांवर दिलीय, आपल्याकडं बांबोळीला त्यासाठी सरकारी संस्था आहे. प्रोव्हेदोरिया ही गोव्यातली सरकारी मदत संस्था निराधार वृद्धांसाठी आश्रम चालवते. हे सगळं असून मामाला यातलं काहीच कसं मिळालं नाही, तर आमच्यापैकी एकानंही कधी विचारलं नाही म्हणून. ज्याची आठवण निघते त्याच्याबद्दलच हा प्रश्न विचारला जातो, त्याला काय झालं होतं, कुठं चुकलं. मामाच्या जागी आज दुसरा एक म्हातारा झोपतो. त्याला त्याचं नाव आम्ही पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"कुठल्या धर्मानं करणार", "त्याला नाव लपवायचं असेल तर"

पहिला प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. पणजीत सांतइनेजला हिंदू स्मशान, ख्रिस्ती दफनभूमी आणि मुस्लिम कबरस्तान शेजारी-शेजारी आहेत, तिथं जागेचा प्रश्न नाही, माहितीचा आहे. धर्म कळला तर त्या रीतीनं, नाही कळला तर शांतपणे दोन मिनिटं उभं राहून. गावांत स्मशान कोणत्या समाजाचं यावरून वाद होतात तिथं मात्र पंचायतीनं आधीच ठरवून ठेवायला हवं, मृतदेह दारात आल्यावर नव्हे.

दुसरा प्रश्न खरंच अवघड आहे. काही माणसं मुद्दाम घर सोडून आलेली असतात, मारहाणीमुळं पळालेली बाई असेल, घरच्यांनी हाकललेला मुलगा असेल. मला वाटतं पोलिसांना सगळं सांगावं, कारण घरच्यांना कळवायचं का आणि कसं ते त्यांनी ठरवायचं. पण चारचौघांत आठवण काढताना तो ज्या नावानं राहत होता तेच नाव घ्यावं, मामा तर मामा. आणि मेलेल्या माणसाचा फोटो व्हॉट्सॲपवर ग्रुपाग्रुपात फिरवणं मला अजिबात पटत नाही. ओळखता का म्हणून पाठवतात, हेतू चांगला असतो, पण त्याच्या पोरीनं तो चेहरा असा एखाद्या ग्रुपवर बघावा असं कोणाला वाटेल. वर्णन पाठवा, पोलीस स्थानकाचा नंबर पाठवा, फोटो बघायचा तर तिथं जाऊन बघू देत.

आता उशीर झालाय का

अंत्यसंस्कार होऊन गेले म्हणजे सगळं संपलं असं आम्हाला वाटत होतं. तसं नाही. फोटो फायलीत असतो, कपडे आणि वस्तू असू शकतात, डीएनएचा नमुना घेतला असेल तर तोही. ओळख नंतर पटली तर मृत्यूच्या नोंदीत दुरुस्ती करायची सोय १९६९ च्या त्याच कायद्यात, कलम १५ मध्ये आहे. अनोळखी पुरुष खोडून तिथं नाव येऊ शकतं आणि घरच्यांना दाखला मिळू शकतो. त्यासाठी कोणीतरी जाऊन सांगायला मात्र हवं.

म्हणून आम्ही एक फुलस्केप कागद घेतला आणि संध्याकाळी दुकानं बंद करताना एकेकाला विचारत गेलो. मी नुसता व्रण ओळखला होता, बाकी मला काही माहीत नव्हतं, आणि इतरांकडं बघा काय काय निघालं. चहावाला म्हणतो झोपेत बडबडायचा ते कन्नडमध्ये. न्हाव्याला त्यानं एकदा सांगितलं होतं की भुवईवरची खूण लहानपणी बैलाचं शिंग लागून झाली. फळं विकणाऱ्या बाईला त्याच्या मुलीचं नाव माहीत आहे, दर वर्षी गणपतीत तो एकदा तरी तिचं नाव काढायचा, ते कागदावर लिहिलंय, इथं लिहीत नाही. पायलट, म्हणजे मोटरसायकलवरून भाडी मारणारा, म्हणतो एकदा मला विचारलं होतं कारवारपर्यंत किती घेशील, मग हसला आणि गेला. मेडिकलवरचा पोरगा म्हणतो दर महिन्याला फिटच्या गोळ्या न्यायचा, हुबळीच्या डॉक्टरची जुनी मळकी चिठ्ठी दाखवून, तिच्यावर नाव पण होतं, पण त्याला आता फक्त आडनावाचं पहिलं अक्षर आठवतंय. चिठ्ठी त्याच्या शर्टाच्या खिशात असायची, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. सोमवारी सकाळी चहावाला, फळवाली बाय आणि मी तो कागद घेऊन पोलीस स्थानकात जातोय, निळ्या शर्टाच्या खिशात काही सापडलं होतं का ते विचारायला.